बर्फाळ रस्त्यांसाठी जुनी स्टेशन वॅगन: कोणती घ्यावी, काय तपासावं?

वाटसरू_४२

नमस्कार मंडळी. जुनी स्टेशन वॅगन घ्यायची आहे. वर्षातले चार महिने रस्त्यावर बर्फ, पहाटे पारा उणे पंधरा ते उणे वीस, आणि रस्त्यांवर मीठ भरपूर. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता चढउताराचा. एसयूव्ही नको आहे, कारण डिकी लांब हवी आणि टपावर सामान चढवायला उंची कमी हवी.

डोळ्यांसमोर तीन गाड्या आहेत: सुबारू आउटबॅक २.५ पेट्रोल (२०१२), व्होल्वो एक्ससी७० पाच सिलिंडर डिझेल (२०११) आणि स्कोडा ऑक्टाविया कॉम्बी फोर बाय फोर (२०१५). तिन्हींचं रनिंग दीड ते पावणेदोन लाख किलोमीटर. फोर व्हील ड्राइव्ह खरंच लागते का? आणि गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय काय तपासावं?

पाना_तेरा

आधी टायर, मग गाडी. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागेवरून निघते आणि चढ चढते. थांबताना आणि वळताना मात्र फोर व्हील ड्राइव्ह काहीच मदत करत नाही, तिथे पकड फक्त रबराची. चांगले हिवाळी टायर लावलेली साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह वॅगन, उन्हाळी टायरवरच्या फोर बाय फोरपेक्षा कधीही सुरक्षित. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवं. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही, त्यामागे बर्फातली कुठलीही चाचणी नसते. तारखेचे चार आकडे वाचा: ३४२१ म्हणजे २०२१ सालचा ३४ वा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बर्फासाठी घेऊ नका. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फात तो टायर संपला असं समजा. जमत असेल तर हिवाळी चाकं एक साइज लहान घ्या, २२५/४५ आर१७ ऐवजी २०५/५५ आर१६. चाक अरुंद असलं की बर्फाचा लगदा कापून खालच्या रस्त्याला टेकतं आणि जाड साइडवॉल खड्ड्यात रिम वाचवते. फक्त पुढचा ब्रेक कॅलिपर त्या रिममध्ये बसतो ना, ते आधी पडताळा.

तुमचा अर्धा रस्ता चढाचा आहे म्हणून फोर बाय फोर घेणं पटतं. पण मग चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. सुबारूत चाकांच्या घेरातला फरक ६ मिलिमीटरच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे नक्षीच्या खोलीत जेमतेम १ मिलिमीटर. विकणाऱ्याने दोन नवे आणि दोन जुने टायर लावले असतील, तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला क्लच किती दिवस तसाच घासत होता हे कुणीच सांगू शकत नाही.

थंड_स्टार्ट

तिन्ही गाड्यांची दुखणी वेगळी आहेत, एकेक बघू.

आउटबॅक २०१२: यात जुनं ईजे मालिकेचं इंजिन आहे. २०१३ मॉडेलपासून टायमिंग चेन असलेलं एफबी इंजिन आलं. ईजेचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, बाहेरच्या बाजूने पाझरतं. सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असल्यामुळे हेड आणि ब्लॉकचा सांधा खालून दिसतो, तिथे तेलाचा ओलावा किंवा कूलंटचे पांढरट-हिरवट डाग बघा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) बदलल्याची पावती मागा. या रनिंगला तो बदललेला असायलाच हवा, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्टबरोबर त्याच्या पुल्या (आयडलर, टेन्शनर) आणि वॉटर पंपही बदललेत का ते पावतीवर वाचा. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर गाडी पूर्ण तापल्यावर सिग्नलला थांबल्यासारखं हळूहळू थांबवा. थांबता थांबता हिसके बसले किंवा इंजिन बंद पडलं तर टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचं) काम निघणार. २०१३ चं मॉडेल शोधलंत तर बेल्टची चिंता मिटते, पण सुरुवातीची एफबी इंजिनं तेल खातात, म्हणून डिपस्टिक आधी बघा.

एक्ससी७०: दमदार गाडी, सीट आणि हीटर उत्तम. या डिझेलची खरी भीती अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या बाहेरच्या ॲक्सेसरी बेल्टची. तो फाटला की त्याचे धागे टायमिंग बेल्टच्या कव्हरमध्ये शिरतात आणि इंजिन जातं. त्यामुळे टायमिंग बेल्ट, बाहेरचा बेल्ट, दोन्हींचे टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदलायचे. किलोमीटर कमी असले तरी बेल्टचं वय दहा वर्षं झालं की तो बदलायचा. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचं तेल आणि फिल्टर बदलल्याची नोंद मागा. मागे निव्होमॅट म्हणजे स्वतःच उंची सावरणारे शॉकअब असतील, तर मागची बाजू बसलेली नाही ना ते बघा. ते साध्या शॉकअबच्या कितीतरी पट महाग असतात.

ऑक्टाविया: यातल्या पाचव्या पिढीच्या हॅल्डेक्समध्ये वेगळा फिल्टर नाही, पंपावर बारीक जाळी आहे. नुसतं तेल बदललं आणि जाळी साफ केली नाही तर ती क्लचच्या चुऱ्याने भरते आणि पंप जळतो. अनेकदा डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही, गाडी गुपचूप फ्रंट व्हील ड्राइव्ह होते. गाडी खडीवर उभी करून ॲक्सिलरेटर झटक्यात दाबा. पुढची चाकं खडी उडवत राहिली आणि मागून ढकल आलीच नाही, तर समजून जा. सहा गिअरच्या ओल्या डीएसजीचं (तेलात बुडालेल्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल दर ६० हजारांनी बदलायचं असतं, त्या नोंदी दोन तरी हव्यात.

माझं मत: नोंदी सारख्याच असतील तर ऑक्टाविया. एक्ससी७० फक्त बेल्टची पावती हातात आली तरच.

गंजशोध

वरच्या दोघांनी यांत्रिक भाग सांगितला. मिठाच्या रस्त्यांवर वॅगन संपते ती खालून, म्हणून गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. बोथट स्क्रूड्रायव्हर न्या आणि विकणाऱ्याची परवानगी घेऊन टोचून, ठोकून बघा. निरोगी पत्रा टणक वाजतो, सडलेला भद्द वाजतो. मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) आणि त्याचे बोल्ट, दारांखालची सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या स्प्रिंगची बैठक, चाकांच्या कमानींची आतली कड, हे सगळं हाताने चाचपा. ब्रेकच्या नळ्या क्लिपमधून जातात तिथे मिठाचा चिखल साठतो. नळी फुगून खवले निघत असतील तर किंमत ठरवण्याआधी ते काम धरा. खाली ताजा काळा लेप मारलेला दिसला आणि त्याखाली खडबडीत पोपडे लागले, तर गाडी सोडा.

आता खास वॅगनची जागा. मागचा दरवाजा उघडा आणि वर बिजागरीपाशी रबराची घडीची नळी आहे ती सरकवून बघा. दरवाजा हजारो वेळा उघडून त्यातल्या वायरींचं आवरण तडकतं आणि तांबं हिरवं पडतं. मागच्या काचेची उष्णता, मागचा वायपर, नंबरप्लेटचा दिवा आणि लॉक हे सगळं त्याच वायरींवर. बर्फाच्या दिवसांत मागची काच तापली नाही तर मागचं काही दिसत नाही, म्हणून हे चारही चालू करून बघाच. मग डिकीच्या तळाची फळी उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. तळाशी पाणी किंवा गंजाची कड असेल तर टेललाइटचं सील, टपावरच्या रेलचे बोल्ट किंवा सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या गळतायत. आत ओल राहिली की हिवाळ्यात सगळ्या काचा आतून धुकट होतात.

वाटसरू_४२

मनापासून धन्यवाद. ऑक्टाविया डिझेल आहे हे लिहायचं राहिलं. परवा सकाळी बघायला जातोय. थंडीच्या दृष्टीने चालू करताना काय बघू?

थंड_स्टार्ट

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेट उघडून इंजिनावर हात ठेवा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी जा. बॅटरीला मीटर लावा: गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको, इंजिन चालू झाल्यावर १४ च्या आसपास. उणे १८ ला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, म्हणून आज काठावर पास झालेली बॅटरी जानेवारीत दगा देते. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असेल तर बॅटरी त्यासाठीची खास, एजीएम किंवा ईएफबी प्रकारचीच हवी.

थंड डिझेल सुरू झाल्यावर एखादा सिलिंडर काही सेकंद अडखळला आणि पांढरा धूर आला तर ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे) तपासायला लावा. कूलंट रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असेल तर गोठणबिंदू उणे ३७ येतो. मग वीस मिनिटं हमरस्त्यावर चालवा. तापमानाचा काटा मध्यावर पोचून तिथेच राहायला हवा. उतारावर तो खाली सरकत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि हीटरही कोमटच राहणार. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी आणि राख किती भरलीय ते स्कॅनरवर वाचून घ्या.

पाना_तेरा

परवा टायरची हवाही मोजा. दर १० अंशांना दीड-दोन पीएसआय कमी होते, त्यामुळे उबदार गॅरेजमध्ये बरोबर भरलेली हवा बाहेर उणे वीसला सहा पीएसआयहून जास्त कमी भरते. आणि हॅल्डेक्सच्या पंपाची जाळी साफ केल्याची पावती नसेल तर ते काम घेतल्या घेतल्या करून घ्या. हॅल्डेक्सचं तेल लिटरभराहून कमी लागतं, पण पंप खाली काढल्याशिवाय जाळी दिसत नाही, हे गॅरेजवाल्याला आधी स्पष्ट सांगा.