मदत हवी आहे: १९७१ मधली सीबीएसची साफसफाई

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर एक लेख लिहितेय आणि १९७१ या सालापाशी अडलेय. त्या वर्षी वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख फ्रेड सिल्व्हरमन यांनी 'द बेव्हर्ली हिलबिलीज', 'ग्रीन एकर्स', 'ही हॉ' अशा गावाकडच्या मालिका एका फटक्यात बंद केल्या. प्रेक्षक होते, पण जाहिरातदारांना शहरातला तरुण, खर्च करणारा वर्ग हवा होता. त्याच वर्षी जानेवारीत याच वाहिनीवर 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका सुरू झाली. खुर्चीत बसून वंशद्वेषी बडबड करणारा आर्ची बंकर आणि त्याच्याशी तावातावाने वाद घालणारा जावई! पुढे सलग ५ हंगाम ती पहिल्या क्रमांकावर राहिली. मला हा बदल फार धाडसी वाटतो, पण गावाकडच्या प्रेक्षकांवर अन्याय झाला असंही वाटतं. 'ही हॉ' तर स्थानिक केंद्रांवर पुढे कित्येक वर्षं चालली!

१९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर (ज्यामुळे भारतीयांना तिकडे जाणं सोपं झालं) तिकडे गेलेले कुणाचे काका-मावशी तेव्हा या मालिका बघत होते का? आर्चीचं बोलणं त्यांना कसं वाटायचं? कृपया विचारून सांगा. जाहिरातींच्या दरांवर एखादं चांगलं पुस्तक माहीत असेल तर तेही सुचवा.