मदत हवी आहे : सर्टिफिकेटमधल्या पब्लिक कीचा हॅश जुळत नाही

नमस्कार मंडळी. नागपूरला कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या अडत्यांकडे आमचे वजनकाटे बसवलेत. काट्यातला सी प्रोग्रॅम ओपनएसएसएल ३.० ही एन्क्रिप्शनची लायब्ररी वापरून सर्व्हरच्या सर्टिफिकेटमधली (डिजिटल ओळखपत्रातली) पब्लिक की काढतो आणि तिचा एसएचए-२५६ हॅश (डेटाचा ठसा) साठवलेल्या हॅशशी ताडून पाहतो. दोन दिवस झाले, जुळतच नाही.

की २०४८ बिटांची, आरएसए प्रकारची आहे. मी 'आयटूडी पब्लिककी' हे फंक्शन वापरलं तर २७० बाइट येतात. साठवलेला हॅश मात्र कमांडने काढलेल्या डीईआर (बायनरी स्वरूपातल्या) फाइलचा आहे, ती भरते २९४ बाइट. वरचे २४ बाइट म्हणजे अल्गोरिदमची ओळख सांगणारं वेष्टण असावं, म्हणजे मी नुसती पीकेसीएस-१ (वेष्टणाशिवायची आरएसए) की घेतोय. बरोबर ना? मग 'आयटूडी पबकी' वापरलं की पुरे, आणि पुढे ईसी (एलिप्टिक कर्व्ह प्रकारची) की आली तरी तेच चालेल का? की सर्टिफिकेटमधले मूळ बाइट जसेच्या तसे घ्यावेत?

अजून एक. 'एक्स५०९ गेट पबकी'ने घेतलेली की मी फ्री (तिची मेमरी मोकळी) करत नव्हतो, मेमरी वाढत गेली. तिथे त्याच फंक्शनचा 'गेट झीरो' (कीची मालकी आपल्याकडे न देणारा) प्रकार वापरला तर सर्टिफिकेट फ्री होईपर्यंतच की वापरायची, एवढंच पथ्य ना?

हंगामात काटे बंद पडले तर लिलाव खोळंबतो, शेतकरी गाड्या घेऊन ताटकळतात. कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.