आभासी उपकरणाची रांग ‘मोडली’ की ‘बाद’?

फोंडा: व्हर्टआयओवरच्या (आभासी यंत्राला डिस्क, नेटवर्क अशी उपकरणं पुरवायची प्रमाण पद्धत) टिपणाचं मराठी करते आहे. उपकरण चालवणारी प्रक्रिया क्रॅश झाल्याचं कळलं की लिनक्समध्ये त्याच्या रांगांना ‘ब्रोकन’ खूण लावली जाऊ शकते. ‘मोडलेली रांग’ चालेल?

डिचोली: ताई, नको. मोडणं ही वस्तूची अवस्था. हा तर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, निर्णय आहे: यापुढे या रांगेत नवा बफर (माहिती देण्याघेण्याची मेमरीतली जागा) नाही. नोट बाद होते, अर्ज बाद होतो, कागद मात्र धड असतो. तशी रांग ‘बाद’.

मडगाव: ‘बाद’ पटलं. ‘कोसळणं’ आणि ‘अडकणं’ही वेगळं ठेवा. कोसळलेली प्रक्रिया संपलेली असते. अडकलेली जिवंत असते, पण उत्तर देत नाही. ड्रायव्हरला बऱ्याचदा दोन्ही सारखीच दिसतात, दिलेले बफर परत येत नाहीत एवढंच. म्हणून मुदत लागते. व्हीड्यूजमध्ये (उपकरण साध्या प्रक्रियेतून चालवायची लिनक्सची सोय) कर्नलच्या संदेशाला उत्तर यायची नेहमीची मुदत ३० सेकंद. ती टळली की उपकरण बाद.

फोंडा: ‘नीड्स रीसेट’ आणि ‘फेल्ड’?

डिचोली: उपकरणाच्या स्थितीच्या नोंदीतला ६४चा बिट उपकरण लावतं: ‘रीसेट हवा’. १२८चा ड्रायव्हर लावतो: ‘हात टेकले’. कोसळणाऱ्याला ६४ लावायची सवड मिळेलच असं नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये.

दिवाडी: खरी काळजी ‘फ्री’ची घ्या. रांग बाद झाली म्हणून बफर लगेच ‘मोकळा’ करायचा नसतो. उपकरण अर्धवट जिवंत असेल तर मेमरीच्या त्याच पानावर लिहील, आणि तोवर ते पान दुसऱ्याच्या हाती गेलेलं असेल. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) बांध दुरुस्त करायचा तर आधी मानशीचं, म्हणजे पाणी आतबाहेर सोडणाऱ्या झडपेचं, दार बंद, मगच चिखलात पाय. इथेही तसंच: रांगा बाद करा, चालू कॉलबॅक (उपकरणाच्या सूचनेवर चालणारी फंक्शनं) संपू द्या, स्थितीत ० लिहून रीसेट करा, आणि मगच उरलेले बफर ‘परत घ्या’. ‘परत घेणं’ हाच शब्द ठेवा, त्यात क्रम येतो.

मडगाव: एक भर. रीसेटनंतर ड्रायव्हर स्थिती ० वाचली जाईपर्यंत थांबतो. पीसीआय (संगणकाच्या जोडणीमार्गावरचं) उपकरण अचानक काढलेलं असेल तर वाचताना सगळे बिट १ येतात, ० कधीच येत नाही, आणि ते थांबणं संपत नाही. त्यामुळे उपकरण जागेवर आहे का, हे आधी पाहावं. अशा उपकरणाला ‘कोसळलेलं’ नको, ‘निघून गेलेलं’ लिहा.