सासिकाया आणि ग्वीदाल्बेर्तो: द्राक्षे बोर्दोची, मग वाइन तस्कनीची कशी?

प्रश्न: ठाणेकर

नमस्कार. माझी भाची दोन वर्षे पिसा येथे शिकून गेल्या महिन्यात परतली आणि येताना तिने माझ्यासाठी ‘ग्वीदाल्बेर्तो’ या रेड वाइनची २०१९ सालची एक बाटली आणली. ही वाइन तेनूता सान ग्वीदो या मळ्याची आहे, म्हणजेच जिथे प्रसिद्ध सासिकाया तयार होते तिथलीच. थोडे वाचन केल्यावर मात्र गोंधळ वाढला. सासिकायात ८५ टक्के कॅबर्ने सोव्हिन्यॉ आणि १५ टक्के कॅबर्ने फ्रँ असते, तर माझ्या बाटलीत कॅबर्ने सोव्हिन्यॉबरोबर मेर्लो आहे. ही सारी द्राक्षे फ्रान्समधील बोर्दोची. मग या वाइनला इटलीतल्या तस्कनीची म्हणावे ते कोणत्या अर्थाने? दुसरे असे की, सासिकायासारखी वाइन कित्येक वर्षे ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे साधी जेवणाची वाइन, या नावाखाली विकली जात होती असे कळले. तेव्हा ती दर्जाने कमी होती काय? माझ्या बाटलीवरही, हा मळा ज्या भागात आहे त्या बोल्गेरीचा डीओसी दर्जा (ठरावीक भागात, ठरावीक नियमांनी केलेल्या वाइनला मिळणारी सरकारी मान्यता) छापलेला नाही, नुसते आयजीटी तोस्काना (तस्कनीची वाइन एवढेच सांगणारा, सैल नियमांचा वर्ग) आहे. शेवटचा प्रश्न व्यवहाराचा आहे: ही बाटली आताच उघडावी की ठेवावी?

प्रतिसाद: द्राक्षवेल

दर्जाचा प्रश्न आधी घेतो. सासिकाया कमी प्रतीची कधीच नव्हती. तिला बसवायला नियमांत खणच नव्हता. बोल्गेरीला डीओसी मिळाली ती १९८३ मध्ये, आणि तीही केवळ पांढऱ्या व गुलाबी वाइनसाठी. लाल वाइनचा समावेश १९९४ मध्ये झाला, त्याच वेळी सासिकायाला त्यात स्वतंत्र उपक्षेत्र मिळाले आणि २०१३ पासून ती स्वतःच एक डीओसी आहे. एकाच मळ्याच्या वाइनला अशी स्वतंत्र डीओसी मिळणे इटलीत अपूर्वच. त्याआधीच, १९७८ मध्ये, डिकँटर या ब्रिटिश मासिकाने लंडनमध्ये घेतलेल्या चाचणीत अकरा देशांच्या तेहतीस कॅबर्ने वाइनमध्ये १९७२ ची सासिकाया पहिली आली होती. कागदोपत्री ती त्या वेळीही ‘जेवणाची वाइन’च होती, यावरून त्या कागदाचे मोल ठरवावे. आपल्या बाटलीवरील आयजीटीचेही तसेच आहे. १९९२ च्या कायद्याने हा वर्ग आला आणि डीओसीच्या चौकटीबाहेरच्या कितीतरी चांगल्या वाइन त्यात नांदतात.

आता द्राक्षांचे. या मळ्याचे मालक मारिओ इंचिझा देल्ला रोकेत्ता यांना तरुणपणी पिसामध्ये शिकत असल्यापासून बोर्दोच्या वाइनची गोडी होती. १९३० मध्ये क्लारिचे देल्ला गेरार्देस्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि बोल्गेरीची ही जमीन पत्नीच्या घराण्याकडून त्यांच्याकडे आली. १९४४ मध्ये त्यांनी कॅबर्नेच्या काड्या लावल्या. त्या पिसाजवळच्या मिल्यारीनो येथील एका सरदार घराण्याच्या मळ्यातून आणल्या होत्या, म्हणजे ही कॅबर्ने त्याआधीच तस्कनीत रुळलेली होती. सुरुवातीची वाइन केवळ घरापुरती असे. तिथल्या हलक्या वाइनला सरावलेल्या लोकांना ती फारशी रुचली नाही. परंतु तळघरात पडून राहिलेल्या जुन्या बाटल्या वर्षांगणिक सुधारत आहेत, हे मारिओंच्या ध्यानात आले. पुढे भाचे पिएरो आंतिनोरी आणि वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांच्या साहाय्याने १९६८ च्या हंगामाची वाइन बाजारात आली. इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. कॅबर्ने सोव्हिन्यॉ ही कॅबर्ने फ्रँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ यांच्या संकरातून झाली, हे १९९७ मध्ये गुणसूत्रांच्या अभ्यासावरून सिद्ध झाले. तेव्हा सासिकायाच्या बाटलीत चक्क बापलेक एकत्र असतात.

प्रतिसाद: खारावारा

वरील माहितीला पूरक म्हणून भूगोलाबद्दल लिहितो, कारण ‘तस्कनीची कशी’ याचे खरे उत्तर माझ्या मते तिथेच आहे. हा मळा लिव्होर्नो प्रांतात, समुद्रापासून डोंगरापर्यंत साधारण तेरा किलोमीटर पसरलेला आहे. ‘समुद्राकाठची वाइन’ म्हणून सासिकाया ओळखली जाते, पण १९४४ ची पहिली बाग समुद्राकडे पाठ करून होती. खाऱ्या वाऱ्याने वेल बिघडतात अशी तिथे समजूत होती, म्हणून मारिओंनी कास्तिल्योन्चेल्लो येथे, साडेतीनशे मीटरच्या आसपास उंचीवर, पूर्वेकडे तोंड असलेला आडोशाचा उतार निवडला. नंतरच्या बागा खाली, समुद्राच्या बाजूला आल्या आणि ती समजूत निराधार ठरली: दिवसा समुद्रावरून येणारी झुळूक उन्हाचा ताप कमी करते आणि पाठीमागचे डोंगर थंड वारे अडवतात. कॅबर्ने सोव्हिन्यॉ उशिरा पिकणारी जात आहे. तिला लांब आणि कोरडा हंगाम लागतो, तो इथे मिळतो.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही तिथे गेलो होतो. हमरस्त्यावरच्या सान ग्वीदोच्या छोट्या प्रार्थनामंदिरापासून बोल्गेरी गावापर्यंत जवळजवळ पाच किलोमीटर, अगदी दोरी लावून आखल्यासारखा सरळ रस्ता जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सायप्रसची उंच झाडे आहेत. आपल्या बाटलीवर ज्यांचे नाव आहे ते ग्वीदाल्बेर्तो देल्ला गेरार्देस्का या घराण्याचे पूर्वज, आणि ही झाडे लावण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. रस्त्याकडेच्या एका बागेत वाकून माती उचलली, तर मुठीत माती कमी आणि खडेच जास्त आले. इटालियन भाषेत ‘सास्सो’ म्हणजे दगड आणि सासिकाया म्हणजे दगडाळ जागा. बोर्दोमधील ‘ग्राव्ह’ या भागाचे नावही रेतीखड्यांवरूनच पडले आहे, आणि हे साम्य मारिओंच्या मनात होते.

एक गैरसमजही दूर करतो, कारण तो दुकानांत सर्रास ऐकू येतो. ग्वीदाल्बेर्तो ही सासिकायाची ‘दुय्यम वाइन’, म्हणजे मुख्य वाइनसाठी न निवडलेल्या मालाची वाइन, नाही. २००० पासून निघणारी ही वेगळ्या घडणीची वाइन आहे. मेर्लोचा वाटा साधारण चाळीस टक्के असल्यामुळे ती लवकर मऊ पडते आणि म्हणूनच लवकर पिण्याजोगी होते.

प्रतिसाद: तळघर

मी केवळ व्यवहाराचे सांगतो. ठाण्याच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली दोन वर्षांत शिजून जाईल, आणि वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर ‘मुरण्यासाठी ठेवली’ या शब्दांना काही अर्थ राहत नाही. २०१९ ची ग्वीदाल्बेर्तो आता खुशाल उघडावी. तोपर्यंत बाटली आडवी असावी, म्हणजे बूच ओले राहते. उघडण्यापूर्वी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी, कारण आपल्याकडचे ‘घरातले तापमान’ म्हणजे तीस अंश, आणि तेवढ्यात मद्याचा दर्प पुढे येऊन फळाचा गंध दबतो. सोळा ते अठरा अंश पुरेसे आहे. तुरटपणा जास्त वाटला तर एखाद्या रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून तासभर राहू द्यावी. सोबत भाजलेले मटण उत्तम. तिखट रस्सा मात्र टाळावा, तिखटाने तुरटपणा दुप्पट जाणवतो.

ठाणेकर

सर्वांचा आभारी आहे. भाची पुढच्या रविवारी जेवायला येणार आहे, तेव्हाच उघडू. एकच शंका उरली: बाटली उजेडात धरल्यावर तळाशी थोडा गाळ दिसतो. ती खराब झाली असेल काय?

तळघर

नाही. रंगद्रव्य आणि तुरट द्रव्य एकत्र होऊन खाली बसते, तोच हा गाळ. शनिवारी रात्री बाटली उभी करून ठेवा, ओतताना हलवू नका, आणि शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या.