'स्ट्रॅटेजी'साठी मराठीत काय वापरावं?

अर्धविराम: गेम थिअरी (समोरचा काय करेल ते धरून आपण काय करावं, याचं गणिती शास्त्र) आणि जुन्या रहस्यकथा यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. मुख्य उदाहरण शेरलॉक होम्सच्या 'द फायनल प्रॉब्लेम'चं (१८९३). होम्स आणि वॉटसन लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर डोव्हरच्या गाडीत बसतात. गाडी सुटते आणि फलाटावर होम्सच्या जिवावर उठलेला मोरिआर्टी दिसतो. तो स्पेशल गाडी करून पाठलाग करणार, हे होम्स ओळखतो. आता बोटीसाठी थेट डोव्हर गाठायचं, की वाटेत कँटरबरीला उतरायचं? मोरिआर्टीलाही तेच कोडं. इथल्या 'स्ट्रॅटेजी'ला रणनीती, डावपेच की खेळी? आणि 'गेम'ला खेळ की डाव?

पटावरचा उंट: दुसरा प्रश्न सोपा आहे, आणि इथे मराठीची चैन आहे. या शास्त्राचा पाया घालणाऱ्या फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४च्या ग्रंथात सुरुवातीलाच बजावलंय की 'गेम' म्हणजे नियमांचा संच आणि 'प्ले' म्हणजे तो एकदा खेळणं; दोन्हींची गल्लत करू नका. आपण ती करतच नाही. बुद्धिबळ हा खेळ, आणि काल रात्री झाले ते दोन डाव. 'चाल'ही आयती आहे.

'डाव'ला बाकीचे अर्थ फार चिकटलेत, ते मान्य. कुस्तीतला डाव, क्रिकेटचा डाव, कुणाचा तरी डाव उधळणं, झालंच तर आमटी वाढायचा डाव. पण संदर्भाने कळतं.

आकडेमोड: 'खेळी' बाद करा. खेळी म्हणजे एक चाल, नाहीतर शतकी खेळी. या शास्त्रात स्ट्रॅटेजी म्हणजे समोरच्याने काहीही केलं तरी आपण काय करू याचा आधीच ठरलेला पूर्ण आराखडा. 'डावपेच'ला कपटाचा वास येतो. होम्स कपटी नाही. 'रणनीती' तर निवडणुकीच्या बातम्यांनी पार झिजवून टाकली.

पटावरचा उंट: मग 'मनसुबा' घ्या की! गंमत म्हणून सांगत नाही. फारसीत 'मन्सूबा' हा बुद्धिबळातलाच शब्द आहे: मुद्दाम मांडून दिलेली स्थिती, जिच्यातून मात कशी करायची ते सोडवायचं. मराठीत येईपर्यंत तो 'बेत' झाला, पण मूळ पटावरचंच. शह आणि मात हेही तिकडूनच आले, त्यांना कुणी परकं म्हणत नाही.

अर्धविराम: मनसुबा आवडला. पण पुढे 'मिक्स्ड स्ट्रॅटेजी' आहे, म्हणजे कोणता पर्याय घ्यायचा ते आपणच ठरवलेल्या प्रमाणात चिठ्ठी टाकून निवडणं. 'मिश्र मनसुबा' लिहिलं तर वाचकाला वाटेल, होम्स अर्धा कँटरबरीला उतरला.

चिंचोका: :) होम्ससारखाच पेच अमेरिकन लेखक पो यांच्या 'द पर्लॉइन्ड लेटर' या कथेतही (१८४४) आहे. तिथे एक शाळकरी पोरगा गोट्यांनी एकी-बेकी खेळतो आणि सगळ्यांच्या गोट्या जिंकतो. युक्ती एवढीच की समोरचा किती हुशार आहे ते जोखायचं. बावळट असेल तर पहिल्या डावानंतर तो नुसती बेकीची एकी करतो. थोडा शहाणा असेल तर 'हा बदलेल असं वाटेल' म्हणून बदलत नाही. अनुवादात 'सम-विषम' लिहू नका, एकी-बेकीच लिहा. मूठ डोळ्यांपुढे येते.

पण समोर त्याच्याच तोडीचा पोरगा आला तर? 'मी ओळखलं, हे त्याने ओळखलं, हे मी ओळखलं' याला अंत नाही. तिथे स्वतःलाही आधी ठाऊक नसलेली मूठ धरावी लागते. नाणं उडवा: छापा तर एकी, काटा तर बेकी.

आकडेमोड: होम्सला नुसतं नाणं पुरत नाही. त्या ग्रंथातला हिशेब मोरिआर्टीच्या बाजूने मांडलाय: होम्स सापडला तर १०० गुण, डोव्हरहून निसटला तर उणे ५०, कँटरबरीला उतरून हुकला तर ०. यातून निघतं की मोरिआर्टीने डोव्हरला जाण्याची शक्यता ६० टक्के ठेवावी आणि होम्सने कँटरबरीला उतरण्याची ६० टक्के. दोघे एकाच ठिकाणी भेटण्याची शक्यता मग ०.२४ अधिक ०.२४, म्हणजे ४८ टक्के. गाडी हलली तेव्हाच होम्स जवळजवळ निम्मा मेला होता. कथेत मात्र तो कँटरबरीला उतरतो, सामानाच्या ढिगाआड लपतो आणि मोरिआर्टीची गाडी धडधडत पुढे जाते. डॉईलसाहेबांनी फासा टाकलाच नाही, होम्सला थेट हुशार ठरवलं. कथेला तेच शोभतं म्हणा.

अर्धविराम: म्हणजे 'फाशावर सोपवलेला मनसुबा'?

पटावरचा उंट: लांबलाय, पण चालेल. फक्त 'दैवावर सोडलेला' होऊ देऊ नका. दैवावर सोडणारा हात झटकतो. इथे ६० आणि ४० हे माप खेळाडूने स्वतः बसवलंय, फासा तेवढा परका.

चिंचोका: पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिहा, पुढे 'फाशाचा मनसुबा'. आणि ठरलेल्या एकाच आराखड्याला 'पक्का मनसुबा'. ती जोडी ऐकायलाही बरी वाटते.

अर्धविराम: घेतली. आता 'पेऑफ' उरलं, म्हणजे ते १००, उणे ५० वगैरे. 'मोबदला' लिहिते आहे, पण उणे ५० मोबदला कसा वाटतो?

आकडेमोड: 'फळ' लिहा. फळ वाईटही असतं.