रेशीम अंडीपुंज : रात्री बल्ब लागला, अळ्या एक दिवस आधीच निघाल्या. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेवराई तालुक्यातून लिहितोय. तुती दीड एकर. आजवर चॉकी सेंटरवरून (तिथे अंड्यांतून निघालेल्या कोवळ्या अळ्या वाढवून देतात) दुसरी कात झालेल्या अळ्या आणायचो. यंदा चॉकीचे पैसे वाचवायचं खूळ डोक्यात शिरलं अन् 100 अंडीपुंज (एक पुंज म्हणजे एका मादी पतंगाची अंडी) थेट घरी आणले.

सोमवारी संध्याकाळी अंड्यांत टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. तशा अंडी चिकटलेल्या कागदाच्या शीट काळ्या कापडात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवल्या. खिडकीला ओलं गोणपाट, तापमान 25-26. मंगळवारी अंडी निळसर झाली. गुरुवारी पहाटे कापड काढायचं, असा बेत.

आज बुधवारी पहाटे साडेचारला डोकावलो तर खोली लख्ख! घरच्यांनी इन्व्हर्टर बल्ब लावलाय, लाईट गेली की तो आपोआप पेटतो. रात्री दीडला लाईट गेली होती. त्यात कापड एका बाजूने सरकलेलं (मांजर, दुसरं कोण). उघड्या पडलेल्या शीटवर काळ्या केसाच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या, काही तर शीट सोडून बल्बाकडच्या कडेला जमलेल्या. झाकलेल्या शीटवर एकही नाही.

शेजारचे काका म्हणतात, उजेड लागलेली बॅच कमजोर निघते, टाकून दे. खरंय का? बाकीच्या शीट उघडू की पुन्हा झाकू? निघालेल्यांना पाला आजच टाकू का? लवकर सांगा, जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद :
भाऊ, टाकू नका. उजेडानं अळी कमजोर होत नाही. आत तयार झालेल्या अळीला अंधारातून उजेड दिसला की ती बाहेर पडते, म्हणून तर शेवटचे दोन दिवस अंधार करायचा, म्हणजे पुढची-मागची सगळी एकाच सकाळी निघावीत. तुमच्या बल्बानं पुढच्या पोरींना आधीच हाक मारली, एवढंच.

झाकलेल्या शीट झाकूनच ठेवा, पण हवाबंद नको, अंडी श्वास घेतात. उद्या पहाटे उघडा. आज निघालेल्यांना शेंड्याखालचा कोवळा पाला बारीक चिरून टाका आणि त्यांचा ट्रे शेवटपर्यंत वेगळा ठेवा. खरा घात मिसळण्यात आहे. एक कात टाकायला खाणं सोडून बसते, दुसरी खात असते, अन् तुम्ही पाला टाकावा की थांबावा हेच कळत नाही. कोष तर त्याहून मागे-पुढे.

चॉकीत, म्हणजे अळ्या कोवळ्या असेपर्यंत, 27-28 तापमान, 85-90 टक्के ओलावा. डोक्यावर ट्यूब नको, मंद उजेड सगळीकडे सारखा हवा, नाहीतर अळ्या एकाच कडेला गोळा होतात अन् बाकी पाला सुकतो.

काकांचं अगदीच हवेतलं नाही बरं. दुबार जातीत (वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या) अंडी उबवताना मिळालेला उजेड आणि तापमान यावरून पुढच्या पिढीची अंडी झोपेत जातील (लगेच न फुटता थांबून राहतील) की नाही ते ठरतं. पण ती काळजी अंडीपुंज बनवणाऱ्यांची. आपण कोष विकणार.

मूळ धागाकर्ता, गुरुवार :
दादा, पाचला कापड काढलं. आठपर्यंत शीट काळ्याशार झाल्या. कालचा ट्रे वेगळा आहे, त्यावर खडूनं 'बुध' लिहिलंय. इन्व्हर्टर बल्ब काढून गोठ्यात लावलाय. मांजरीचं काय करावं, ते सांगा.