रास्पबेरी पाय ४ चं कार्ड: ६४ जीबीच्या जागी ५०० एमबीच दिसतंय, फॉरमॅट मारू का?

उद्यमनगर_लेथ:
काकांच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये दिवसभराच्या जॉबची यादी टीव्हीवर दिसावी म्हणून रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घेतलाय. ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आणलं, लॅपटॉपवर पाय इमेजर (कार्डावर ओएस लिहायचं सॉफ्टवेअर) टाकून त्यातनं ६४ बिटवाली ओएस राइट केली, व्हेरिफाय पण ओके आलं. आता कार्ड काढून परत लावलं तर विंडोज बूटएफएस नावाचा एक ड्राइव्ह दाखवतंय तो जेमतेम ५०० एमबीचा, आणि दुसऱ्या ड्राइव्हला म्हणतंय आधी फॉरमॅट करा. बाकीचे जीबी गेले कुठं? कार्ड डुप्लिकेट लागलं काय? अजून पायमध्ये घातलेलं नाही, आधी विचारावं म्हटलं.

राजारामपुरीकर:
फॉरमॅटला हात लावू नको भावा, कॅन्सल कर. कार्ड बरोबर राइट झालंय म्हणूनच असं दिसतंय. इमेज (ओएसची तयार फाइल) टाकली की कार्डाचे दोन भाग पडतात. पहिला लहान, फॅट३२ (फाइली ठेवायची विंडोजला कळणारी पद्धत), त्यात कर्नल (ओएसचा गाभा), कॉन्फिगची (सेटिंगची) फाइल, बूटला म्हणजे सुरू व्हायला लागणारं सगळं. सुरू होताना पाय हाच भाग आधी शोधतो आणि विंडोजला पण हा वाचता येतो. दुसरा भाग ईएक्सटी४ (लिनक्सची पद्धत), अख्खी लिनक्स म्हणजे पायची ओएस त्यात असते, पण विंडोजला ते काही कळत नाही म्हणून ते सारखं फॉरमॅट करा फॉरमॅट करा म्हणत बसतं. तिथं हो म्हटलास की ओएस गेली, परत पहिल्यापासनं राइट करायचं. उरलेल्या जागेचं टेन्शन घेऊ नको, पहिल्यांदा बूट होताना पाय दुसरा भाग कार्डभर आपोआप वाढवून घेतो.

शाहूपुरी_इलेक्ट्रॉनिक्स:
वरचं सगळं बरोबर, पण व्हेरिफाय ओके आलं म्हणजे कार्ड अस्सल असं समजू नका, इथंच लोक फसतात. इमेजर फक्त त्यानं जेवढं लिहिलं तेवढंच परत वाचून बघतो, आणि इमेज असते थोड्याच जीबीची. आत १६ जीबीची चिप आणि वर ६४ चं लेबल असलेलं कार्ड पण आरामात पास होतं, मग काही महिन्यांनी डेटा १६ च्या पुढं गेला की फाइली गायब व्हायला लागतात. एच२टेस्टडब्ल्यू म्हणून विंडोजचं फुकट टूल आहे, ते पूर्ण कार्ड भरतं आणि परत वाचतं (लिनक्सवर एफ३). वेळ खातं, पण वर्कशॉपमध्ये कायमचं लावायचं असेल तर करायलाच पाहिजे. आधी अख्खं कार्ड (नुसता ५०० एमबीचा ड्राइव्ह नव्हे) एकच ड्राइव्ह होईल असं फॉरमॅट मारून टेस्ट करा, त्यात आताची ओएस जाईल, पास झालं की मग इमेज राइट करा, उलटं नको.

उद्यमनगर_लेथ:
टेस्ट पास झाली, परत राइट केलं, पायमध्ये घातलं. लाल लाइट आहे, हिरवा मधनंच कसाही लुकलुकतोय, पण टीव्ही काळाच.

राजारामपुरीकर:
हिरवा कसाही लुकलुकतोय म्हणजे कार्ड वाचलं जातंय, चांगलं लक्षण. एका लयीत चार वेळा लुकलुकून थांबत असता तर बूटची स्टार्ट फाइल सापडली नाही असा अर्थ, सात वेळा असता तर कर्नल नाही. पाय ४ ला एचडीएमआयची दोन पोर्ट आहेत, केबल टाइप सी पॉवरच्या शेजारच्या पोर्टात लाव आणि टीव्ही चालू करून मगच पायला करंट दे. चार्जर मोबाइलचा असेल तर तो पण बदल, ५ व्होल्ट ३ अँपियर पाहिजे.

उद्यमनगर_लेथ:
आलं चित्र! केबल दुसऱ्या पोर्टात होती.

कळंबा_रोड:
एक महत्त्वाचं राहिलं. वर्कशॉपमध्ये संध्याकाळी मेन स्विच पाडूनच सगळे घरी जातात, पायचं शटडाउन करत कोण बसणार. कार्डावर लिहिणं चालू असताना लाइट गेली की फाइल सिस्टिम खराब होऊ शकते, मग एखाद्या सकाळी पाय उठतच नाही आणि सगळे कार्डाला शिव्या देतात. सगळं सेट झालं की टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) सुडो रास्पी-कॉन्फिग (sudo raspi-config) चालवा, परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम आहे ते चालू करा. मग नवीन लिहिलं जातं ते सगळं रॅममध्ये, कार्डाला धक्का लागत नाही. फक्त पायमध्ये केलेला कुठलाही बदल रीस्टार्टनंतर राहत नाही, म्हणून जॉबची यादी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवा आणि पायनं ती ब्राउझरमध्ये नुसती उघडायची, म्हणजे काकांना यादी बदलायला पायपाशी जावं पण लागणार नाही.